लांब पल्ल्यासाठी एअरो बार : आधी पॅड, मग नळ्या

प्रश्न : माझे वय ४४ असून माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या हँडलबारची रोड बाइक आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) मी वेळेत पूर्ण केली. मात्र अर्धे अंतर कापल्यावर दोन्ही तळहातांना मुंग्या येऊ लागतात. आता ३०० किलोमीटरची तयारी चालू आहे. क्लिप-ऑन एअरो बार (हँडलबारवर बसवायच्या, पुढे जाणाऱ्या नळ्या आणि हात टेकवायचे पॅड) लावावेत, असे सोबतचे सायकलस्वार सुचवतात आणि कोणताही बार कोणत्याही सायकलला बसतो, असे दुकानदार सांगतो. निवड कशी करावी आणि बार कसे बसवावेत?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आजच्या बहुतेक रोड बाइकच्या हँडलबारचा व्यास स्टेमजवळ, म्हणजे हँडलबारला सायकलशी जोडणाऱ्या भागाजवळ, ३१.८ मिलिमीटर असतो आणि एअरो बार हँडलबारला पकडणारे बाजारातले बहुतेक क्लॅम्प याच मापाचे असतात. परंतु हा जाड, गोल भाग स्टेमपासून थोड्याच अंतरावर निमुळता होऊ लागतो, आणि क्लॅम्प तर पूर्णपणे गोल भागावरच बसला पाहिजे. म्हणून खरेदीपूर्वी व्हर्नियरने व्यास आणि स्टेमच्या दोन्ही बाजूंना मिळणारी जागा मोजावी. वरचा भाग चपटा असलेल्या हँडलबारवर हे क्लॅम्प बसत नाहीत. हँडलबार कार्बनचा असता, तर निर्मात्याने क्लिप-ऑनला परवानगी दिली आहे का, हे आधी पाहावे लागले असते. आपण त्या काळजीतून सुटलात.

आपला उद्देश वेगापेक्षा तळहातांना विसावा देणे हा दिसतो, आणि माझ्या मते ब्रेव्हेसाठी तोच योग्य उद्देश आहे. ३०० किलोमीटरला २० तासांची मुदत असते. तेवढा वेळ हुड्सवर (ब्रेकच्या मुठींवर) रेलून तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आणि मुंग्या येतात. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तरी शरीराचा भार हातांवर येतो. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी सीट समतल आहे ना, एवढे जरूर पाहावे.

नळ्या सरळ घ्याव्यात की वळणाच्या, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मनगट न मुरडता पकडता येईल, अशी कोणतीही नळी चालेल. लक्ष द्यायचे ते पॅडकडे, कारण भार त्यांच्यावर असतो. पॅड उंच करता येतील, त्यांच्यातील अंतर बदलता येईल आणि ते हँडलबारच्या मागेही सरकवता येतील, असाच संच निवडावा. रोड बाइकचे माप हुड्स धरून बसण्यासाठी ठरवलेले असल्याने एअरो बारवर शरीर हमखास ताणले जाते. ट्रायथलॉनचे खेळाडू त्यासाठी सीट पुढे सरकवतात. पण आपला बराचसा वेळ हुड्सवरच जाणार असल्याने तसे केल्यास हातांवरचा भार उलट वाढेल. सीट जागेवर ठेवून पॅडच मागे घेणे आपल्यासाठी श्रेयस्कर.

पॅड कोपराच्या हाडाखाली नव्हे, तर त्याच्या किंचित पुढे, मांसल भागाखाली यावा. कोपराचा कोन काटकोनाहून थोडा मोठा असावा. सुरुवातीला पॅड उंच आणि साधारण खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवावेत. अंग सरावल्यावर खाली आणि जवळ आणता येतात. क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि शेवट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्याने) करावा; भागावर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा, जो अनेकदा ५ च्या आसपास असतो, ओलांडू नये. बार टेपखालून जाणाऱ्या केबल क्लॅम्पमध्ये चेपत नाहीत ना, हे तपासावे. नळीवरील किमान खोलीची खूण क्लॅम्पच्या आत राहिली पाहिजे. नळ्या कापण्याची घाई करू नये. माप पक्के झाल्यावर कापाव्यात आणि टोकांना बूच लावावे. पहिल्या मोठ्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

एअरो बारवर असताना बोटे ब्रेकवर नसतात, ही गोष्ट नागपूरच्या रस्त्यांवर विसरून चालणार नाही. आधी ट्रेनरवर (सायकल जागीच चालवण्याच्या साधनावर) आणि मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत सायकलला ढकलतो. अशा वेळी, तसेच चौक, गतिरोधक आणि घोळक्यात हात हुड्सवरच असावेत. सामूहिक सुरुवातीच्या रस्ता शर्यतींमध्ये हे बार चालत नाहीत. ब्रेव्हेसाठी आयोजकांचा नियम आधीच विचारून घ्यावा.

३०० किलोमीटरमध्ये रात्र लागण्याची शक्यता आहे. हँडलबारवरचा दिवा हात आणि पॅड यांच्या आड जातो, म्हणून तो नळीच्या पुढच्या टोकाशी बसवावा आणि त्याचा झोत बारवर ओणवे बसूनच जुळवावा.