आजोबांच्या खिशातल्या घड्याळाच्या साखळीला अडकवलेला बोटभर घडीचा चाकू मिळालाय. तो साफ कसा करू, खरा जुना आहे हे कसं ओळखू आणि असे चाकू जमवायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की ओळखीच्या एकाने 'बफिंग करून घ्या, नव्यासारखा होईल' असं सुचवलंय. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. बफिंग करू नका. बाकीचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल.

मी टूलरूममध्ये फिटर होतो, सगळी नोकरी त्यातच गेली. बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासणं. त्याची चमक वरून चढत नाही, धातू खरवडून निघते. पितळी समईला ते सोसतं, कारण तिच्या अंगात धातू भरपूर असतो. मिटल्यावर जेमतेम दीड-दोन इंच भरणाऱ्या चाकूवर बनवणाऱ्याचा शिक्का असतो केसाइतका खोल. कापडी चाक दोनदा फिरलं की तो गेला.

आमच्या घरात हेच झालं. माझे आजेसासरे साताऱ्याला वकिली करायचे. जाकिटाच्या काजात साखळीची आडवी कांडी, एका खिशात घड्याळ आणि दुसऱ्या खिशात साखळीच्या टोकाला हा चाकू. तेव्हा साखळीच्या त्या टोकाला कोणी घड्याळाची किल्ली लावायचं, कोणी लाखेवर उठवायचा शिक्का. यांना पेन्सिली तासायला आणि कागदाचे गठ्ठे सोडायला चाकू लागायचा. सासऱ्यांनी तो जपला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायला मांडली की त्यात तोही असायचा, आणि 'जावईबापू, तुम्ही उघडा, तुम्हाला त्यातलं कळतं' म्हणून माझ्या हातात द्यायचे.

तो उघडताना काय कळायचं ते सांगतो. पात्याच्या खाचेत नख घालून ओढलं की अर्ध्यावर एकदा थांबायचं, मग पुरतं उघडताना टक् असा कोरडा आवाज. पाठीवरून नख फिरवलं तर स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या एका सपाटीत. चाकू मिटलेला असताना सपाट आणि उघडल्यावरही सपाट. हे जमवायला काय लागतं ते फिटरलाच विचारा. स्प्रिंग एक, पाती दोन, आणि प्रत्येक पात्याचं बूड कानसून असं बसवायचं की दोन्ही स्थितींत स्प्रिंग तेवढीच उचलली जाईल. हा चाकू इंग्लंडमधल्या शेफील्डचा. तिथल्या कारागिरांनी हे मायक्रोमीटर न लावता, डोळ्याने आणि कानसेने केलंय. तिथे एक माणूस पातं ठोकायचा, दुसरा सहाणेवर धार काढायचा, तिसरा जोडणी करायचा. धार काढणारे दगडाची धूळ छातीत घेऊन तरुणपणीच जायचे. त्या कामाला हात लावायचा तर मान ठेवून लावावा.

आमच्या चाकूच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस होता, म्हणजे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा शिक्का. खाली बारीक अक्षरांत 'कटलर्स टू हर मॅजेस्टी'. मूठ चांदीची, आणि तिच्यावर साताऱ्याच्याच कोणा सोनाराने मोडीत कोरलेली आजेसासऱ्यांची आद्याक्षरं.

सासरे गेल्यावर घड्याळ मेहुण्याकडे गेलं आणि चाकू मला द्यायचं ठरलं. आमचे थोरले साडू जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करतात. ते म्हणाले, 'मी घेऊन येतो.' आणला तो बफिंग करून. 'घ्या राव, नवा करून दिला!' असं सगळ्यांसमोर म्हणाले. मोडी अक्षरं साफ गेली होती. क्रॉसचा एक हात उरला होता, चांदणीचा ठिपका झाला होता. रिव्हेटच्या भोवती चांदी खोलगट झाली होती, कारण चांदी मऊ, रिव्हेट टणक, चाक मऊ धातू आधी खातं. आणि पाठीवरची ती सपाटी? कडा गोल होऊन गेल्या. नख फिरवलं की अडकतं.

त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. साडूंचं म्हणणं एकच, गिऱ्हाईक चमक बघतं. मी म्हणतो, जे गिऱ्हाईक चमक बघतं त्याला स्टीलचा नवा चाकू विका ना, तो जास्त चमकतो. जाणकार माणूस आधी भिंग लावून पात्याच्या बुडाचा शिक्का बघतो, मग पातं धार लावून लावून किती झिजलंय ते बघतो, मग उघड-मीट करून आवाज ऐकतो. चमकणारा जुना चाकू दिसला की तो किंमत पाडून मागतो, आणि ते बरोबरच आहे. शिवाय आजेसासऱ्यांच्या बोटांनी मूठ जिथे झिजली होती ती झीज ही त्यांची होती. ती पुसायचा हक्क साडूंनाही नव्हता आणि मलाही नाही.

आता तुमच्या चाकूबद्दल. आधी भिंगातून दोन्ही पात्यांची बुडं बघा. 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला नाही. हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद 1913 मध्ये केलं. मूठ चांदीची असेल तर तिच्यावर चालत्या सिंहाचा बारीक शिक्का शोधा, ती 92.5 टक्के चांदीची इंग्रजी खूण. मुकुट म्हणजे शेफील्डला तपासलेली, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. जोडीला राजाराणीचं डोकं असेल तर माल बहुधा 1890 किंवा त्याआधीचा. पातंच चांदीचं असेल तर तो फळं कापायचा चाकू, कारण फळाच्या आंबटाने साधं पोलाद काळं पडतं. पांढऱ्या धातूची मूठ आहे आणि शिक्के काहीच नाहीत, तर बहुधा जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नसते, पण म्हणून तो चाकू टाकाऊ होत नाही. नुसत्या 'शेफील्ड' नावावर मात्र भुलू नका. तसलं नाव ठोकलेला परदेशी माल त्या काळीच इतका यायचा की ब्रिटिशांना 1887 मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा करावा लागला.

साफ करायचं तर शिलाई मशीनचं तेल सांध्यात एक थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, लाकडी टूथपिकने आतली घाण काढा, सुती फडक्याने पुसा. काळसर करडा रंग तसाच ठेवा, तो खालच्या पोलादाला सांभाळतो. खोबरेल तेल घालू नका, थंडीत ते थिजतं आणि सांधा आखडतो. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर तर नकोच. मूठ शिंपल्याची असेल तर लिंबू शिंपलाच खातं. पातं घट्ट बसलं असेल तर पक्कड लावू नका, तेलाला दोन दिवस द्या.

जमवायचं कुठून म्हणाल, तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार आहेच. लोखंडी सामानाच्या ढिगात हात घालायची तयारी ठेवा. मांडून ठेवलेले बहुतेक बफिंग केलेले असतात. मी तर जुन्या घड्याळजींकडे आधी विचारतो, साखळीबरोबर आलेले चाकू त्यांच्या खणात पडून असतात. तुटक्या पात्याचा पण शिक्का शाबूत असलेला चाकू स्वस्तात मिळाला तर घ्या, शिकायला त्याच्यासारखं काही नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मूठ हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची असेल तर आपल्याकडच्या 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे खरेदी-विक्रीत पडू नका. घरात वारशाने आलेली असली तरी आधी वकिलाला विचारा. दुसरं, डबा उघडल्यावर कापरासारखा वास आला आणि पाती आपोआप गंजत असली तर मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची आहे. ती कुजताना वाफ सोडते आणि शेजारच्या चाकूंनाही गंजवते. वेगळी ठेवा, हवेशीर, आणि देवघराच्या दिव्यापासून लांब, कारण ती भडकन पेटते.

आणि हो, लाल गंज फुगून पापुद्रे निघत असतील तर तेवढाच काढावा लागतो. तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढा, शिक्क्यापाशी थांबा. साडू म्हणतील, 'बघा, शेवटी घासलंच ना?' रोग काढणं वेगळं आणि कातडी सोलणं वेगळं.

तुमच्या चाकूचे फोटो टाकाल तर दोन्ही पात्यांच्या बुडांचे, दोन्ही बाजूंनी आणि उन्हात तिरपे धरून टाका. मुठीवर काही कोरलेलं असेल तर तेही. अक्षरं मोडीतली असतील तर मला वाचता येतात, सांगेन.