रूम पार्टनर उठत नाही तेव्हा

प्रिय मुला,

पुण्यातल्या सदाशिव पेठेत, कॉट बेसिसच्या खोलीत रूम पार्टनर तीन आठवडे पडून आहे, अभ्यासिकेत येत नाही, मेसचा डबा न उघडता परत जातो. त्याला समजवायचं कसं, असं तू विचारलंस. समजवू नकोस. ‘आई-वडील शेत विकून शिकवतायत’ हे त्याला तुझ्याहून जास्त माहीत आहे. रात्री दोनला तो स्वतःला तेच ऐकवत असतो, तुझ्यापेक्षा कडक शब्दांत.

स्पर्धा परीक्षेची प्रिलिम गेली म्हणून चार दिवस तोंड उतरतं, मग माणूस वैतागत का होईना चहाला येतो. नैराश्याचं तसं नसतं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असतं किंवा कशातच रस वाटत नाही. जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, अपराधीपणा, हालचाल मंदावणं किंवा जिवाची घालमेल, मरणाचे विचार. या नऊपैकी पाच असतील तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. पुष्कळ जण मात्र ‘पित्त वाढलंय’, ‘अंग दुखतंय’ म्हणत महिनोन्‌महिने त्याच गोळ्या घेत राहतात.

आणखी एक बघ. पुष्कळांना पहाटे साडेतीन-चारला जाग येते आणि सकाळ सगळ्यात जड जाते. संध्याकाळी जरा हलकं वाटतं. म्हणून बाकीचे म्हणतात, ‘संध्याकाळी तर हसत होता, नाटकं करतो.’ नाटक नाही ते. तू बोलायला संध्याकाळच निवड.

‘काही लागलं तर सांग’ म्हणू नकोस. काय लागतंय ते ठरवायचीच ताकद त्याच्यात नसते. ‘साडेसहाला येतो, कोपऱ्यावर चहा घेऊ, दहा मिनिटांत परत’ असं म्हण आणि साडेसहालाच ये. तो नको म्हणाला तर वाद घालू नकोस, खोलीतच चहा आण आणि उद्या पुन्हा विचार. पुष्कळ जण पहिल्याच रविवारी उत्साहाने सिंहगडावर नेतात. तो कसाबसा चढतो, पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठत नाही, आणि ‘याला काही उपयोग नाही’ असं दोघांचंही मत होतं. आंघोळसुद्धा त्याच्यासाठी गडच आहे सध्या. आधी उठून बसणं, मग खिडकी उघडणं, मग तोंड धुणं. एवढ्यावर आजचा दिवस भागला तरी चालेल.

आता अवघड गोष्ट. ‘तसले काही विचार तर येत नाहीत ना?’ असं कधी विचारू नकोस. त्या ‘ना’मध्येच तुला हवं ते उत्तर असतं आणि तो तेच देतो. सरळ विचार: ‘जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर दचकू नकोस, कधी आणि कसं ठरवलंय तेही विचार. बेत ठरलेला असेल तर त्याला एकटं सोडू नकोस, जिवाला धोका होईल अशा वस्तू आणि गोळ्या खोलीबाहेर ने, त्याच्या घरी फोन कर आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा. ‘कुणाला सांगू नकोस’ ही शपथ इथे पाळायची नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं; काय करावं सुचेना तर तू स्वतः लाव. पोलीस केसच्या भीतीने प्रकार लपवतात लोक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार, वेगळं काही सिद्ध झालं नाही तर आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतात आणि त्या प्रयत्नासाठी त्याला शिक्षा होत नाही.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट ने. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बहुधा तपासतात. मागे कधी तीन-चार तास झोपूनही तो कमालीच्या उत्साहात होता, भरमसाट बोलत-खर्चत होता का, हे आठवून नक्की सांग. तसं असेल तर औषधच वेगळं लागतं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणून पाचव्या दिवशी पाकीट कोपऱ्यात पडतं. हे त्याला आधीच सांगून ठेव. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष लागतं: बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. बरं वाटल्यावरही गोळ्या निदान सहा महिने चालतात. एकदम सोडल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, आणि लोक म्हणतात, ‘बघ, सवय लागली!’ सवय नव्हे, डोस हळूहळू उतरवला नाही म्हणून.

त्याच्या वडिलांशी बोलताना ‘डिप्रेशन’ने सुरुवात करू नकोस. ‘पहाटे चारपासून जागा असतो, जेवण निम्म्यावर आलंय, कपडे ढिले झालेत’ असं सांग. हे त्यांना लगेच समजेल.

आणि हे सगळं एकट्याने ओढू नकोस. वरच्या खोलीतला तुमचा तो मित्र एक दिवसाआड संध्याकाळ सांभाळेल का, विचारून बघ. तुझीही मेन्स आहे.

ससूनच्या ओपीडीला जायचं ठरलं तर केसपेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा. सकाळ त्याची वाईट असते, तेव्हा कपडे आदल्या रात्रीच काढून ठेव. रांगेत वेळ जातो. पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा बरोबर घे.

तुझे,
सर