जोमतिएनला कॉन्डो घेण्याआधी : नाशिकच्या दादांना सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार. तुमचा बेत समजला. तुम्ही ५४ वर्षांचे, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेताय, नाशिकचा दुसरा फ्लॅट विकून थायलंडमध्ये पट्टायाजवळ जोमतिएनला साधारण ३० लाख बाहटचा वन-बेडरूम कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घ्यायचा आणि वहिनींसोबत वर्षातले बरेच महिने तिथेच राहायचं. तुम्ही विचारलंय की घर घेतलं की व्हिसा सुटतो का, पैसे कसे पाठवायचे, आणि रोजच्या कागदपत्रांचा जाच कितपत आहे. मी बरीच वर्षं इथे राहते आहे. आधी भाड्याने राहिले, मग स्वतःचं घर घेतलं, आमच्या इमारतीच्या कमिटीवरही काम केलं. त्यामुळे थोडं लांबेल, पण नीट सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. इथे कॉन्डो नावावर असणं आणि देशात राहायची परवानगी असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी सहसा काही संबंध नाही. पर्यटक म्हणून आलेला माणूसही कॉन्डो घेऊ शकतो, आणि चार कॉन्डोंच्या मालकालाही दर वर्षी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. तुमच्यासाठी सरळ वाट आहे ती निवृत्तीच्या कारणावर मिळणाऱ्या एकेक वर्षाच्या मुदतवाढीची. वय ५० पूर्ण हवं, आणि तुमच्या नावाने थाई बँकेत ८ लाख बाहट हवेत. ते अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत, त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे घराच्या ३० लाखांत हे ८ लाख धरूच नका, ते वेगळे. पर्याय म्हणून महिन्याला ६५ हजार बाहटचं उत्पन्न दाखवता येतं, पण भारतातल्या पेन्शनवर ते सगळ्यांना जमतंच असं नाही.

वहिनी तुमच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून मुदतवाढ घेऊ शकतात. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे तुमच्या-माझ्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांची लग्नं कार्यालयात थाटात झाली, पण नोंदणी कुणी केलीच नाही. लग्नपत्रिका आणि फोटो इथे चालत नाहीत. प्रमाणपत्र काढा, त्यावर राज्य सरकारचा आणि दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्या, मग थाई दूतावासाचा, मग थाई भाषांतर आणि इथल्या परराष्ट्र खात्याचं प्रमाणीकरण. याला महिने लागतात, म्हणून तिकडे असतानाच सुरुवात करा. आणि प्रमाणपत्रावर वहिनींचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर तो तिढाही तिकडेच सोडवून या.

आता रोजची कागदपत्रं. कुठल्याही परदेशी माणसाच्या मुक्कामाची खबर घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची, हा टीएम-३० अर्ज. सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्ता कळवायचा, तो टीएम-४७. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत तो देता येतो, उशीर झाला तर २ हजार बाहट दंड. मधे देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पहिला ९० दिवसांचा अर्ज जोमतिएनच्या सोई ५ वरच्या कार्यालयात जाऊन द्या, पुढचे ऑनलाइन जमतात.

टीएम-३० बद्दल जरा जास्त सांगते, कारण भाडेकरूंचा सगळा त्रास तिथेच असतो. जबाबदारी कायद्याने घरमालकाची, पण त्याने अर्ज भरला नाही तर मुदतवाढीच्या खिडकीवर अडता तुम्ही. माझी पहिली घरमालकीण परदेशात राहायची, फोन उचलायची नाही, आणि त्यात माझं काम अडून बसलं. म्हणून भाडेकरार करतानाच, 'टीएम-३० तुम्ही भरून पावती द्याल', असं लिहून घ्या. स्वतःचं घर झालं की मालक तुम्हीच, म्हणजे तुमच्याबरोबरच नाशिकहून मुलगी-जावई राहायला आले तर त्यांचीही नोंद तुम्हालाच करायची. ही गोष्ट बरेच मालक विसरतात.

आणखी एक, कायम लक्षात ठेवा. मुदतवाढ मिळाल्यावर री-एंट्री परमिट, म्हणजे पुन्हा देशात यायची परवानगी, न काढता देश सोडलात तर ती मुदतवाढ रद्द होते. गणपतीला घाईघाईने गावी निघालेल्या एका ओळखीच्या कुटुंबाचं असंच सगळं वर्ष वाया गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून व्हिसा काढावा लागला. एका वेळेचं परमिट १ हजार बाहट, अनेक वेळांचं ३,८००. वर्षातून दोनदा तरी नाशिकला जाणार असाल तर मुदतवाढीच्या दिवशीच अनेक वेळांचं काढून घ्या. इथले सरकारी कागद बौद्ध सनात असतात, आपल्या सनात ५४३ मिळवायचे, तेव्हा २०२५ म्हणजे २५६८. प्रत्येक झेरॉक्सवर सही करायची, शिवाय ती प्रत कशासाठी आहे तेही आडवं लिहायचं. ते टाळू नका, नाहीतर तुमच्या पासपोर्टची प्रत भलतीकडे वापरली जाऊ शकते. सही मराठीत करत असाल तर खुशाल करा, फक्त पासपोर्ट, बँक आणि मालमत्तेची नोंदणी करणारं लँड ऑफिस तिन्हीकडे तीच ठेवा. तुमच्या नावाचं थाई लिपीतलं रूपही एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच द्या. बँकेत एक आणि मालकीपत्रावर दुसरं असलं की पुढे विकताना फार मनस्ताप होतो.

आता कॉन्डोकडे वळू. परदेशी माणसाला इथे सहसा जमीन घेता येत नाही, पण १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याने एका इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत युनिटं परदेशी नावावर असू शकतात. यालाच इथे सगळे फॉरेन कोटा म्हणतात. जोमतिएनला समुद्राजवळच्या कितीतरी इमारतींत तो भरलेला असतो. मग एजंट म्हणतो, थाई नावाचं युनिट स्वस्तात आहे, एक कंपनी काढू, थाई भागधारक मी देतो. दादा, या वाटेला अजिबात जाऊ नका. नावापुरते भागधारक ठेवणं बेकायदा आहे, सरकार अशा कंपन्यांची चौकशी करतं, आणि तुमचं आयुष्यभराचं संचित अनोळखी माणसांच्या नावावर लटकत राहतं. कोटा नसेल तर ती इमारत सोडून द्या.

पैशांचा नियम सोपा आहे, पण तो तंतोतंत पाळावा लागतो. पैसे परकीय चलनातच थायलंडला यायला हवेत, बाहटमध्ये रूपांतर इथल्या बँकेत व्हायला हवं, पाठवणाऱ्याचं आणि खरेदीदाराचं नाव एकच हवं, आणि कारणात कॉन्डो खरेदी असं लिहून युनिटचा क्रमांक द्यायला हवा. ५० हजार डॉलर किंवा जास्त रक्कम एकदम आली की बँक एफईटी फॉर्म, म्हणजे परकीय चलन आल्याचा दाखला, देते, त्याखाली असेल तर बँकेचं पत्र मिळतं. हा कागद नसेल तर लँड ऑफिस तुमच्या नावावर युनिट करत नाही, आणि पुढे विकून पैसे परत न्यायचे तेव्हाही तोच लागतो. मालकीपत्राइतकाच जपा. दोघांच्या नावावर घ्यायचं असेल तर दोघांच्याही खात्यांतून रक्कम पाठवा.

भारतातून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तेवढी मर्यादा तुम्हाला पुरून उरेल. पण वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तुम्ही एकट्याने ८० लाख पाठवले तर १४ लाख अडकतात, दोघांनी ४०-४० पाठवले तर १२. ते विवरणपत्रात परत मिळतात, पण काही महिने हाताशी नसतात, म्हणून तेवढी सोय आधीच करून ठेवा. आणि ज्या वर्षी तुम्ही भारतात निवासी असाल त्या वर्षी हे घर आणि थाई बँक खातं दोन्ही विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवा. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. इथे वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही थायलंडचेही करनिवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न इथे आणलं तर ते करपात्र धरलं जातं. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्यासाठी मात्र दोन्हीकडचं समजणारा सीए गाठा.

खरेदीचा दिवस सगळ्यांत सोपा असतो. बांगलामुंगच्या लँड ऑफिसात दोन्ही बाजू बसतात, बँकेचा चेक देता, आणि मालकीपत्राच्या मागच्या पानावर तुमचं नाव चढून ते त्याच दिवशी हातात येतं. लोक त्याला चानोत म्हणतात. गहाण असेल तर तेही त्याच पानावर दिसतं. आपल्याकडे कन्व्हेयन्ससाठी सोसायट्या वर्षानुवर्षं बिल्डरच्या मागे लागतात, ते पाहिलेल्या माणसाला इथे फार बरं वाटतं. नोंदणी शुल्क सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के, ते बहुधा निम्मं-निम्मं वाटून घेतात. पाच वर्षांच्या आत विकलंत तर ३.३ टक्के वेगळा कर बसतो, त्यामुळे घाईने घेऊन घाईने विकणं परवडत नाही.

खरी परीक्षा पाहते ती इमारत, दादा, आणि इथेच तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक इमारतीची एक कायदेशीर संस्था असते, सगळे तिला ज्युरिस्टिक म्हणतात. सोसायटीसारखीच, पण एक मोठा फरक आहे. आपल्या गृहनिर्माण सोसायटीत एका सभासदाला एक मत. इथे मत मालकीच्या हिश्श्याप्रमाणे. बिल्डरकडे न विकलेली युनिटं पडून असतील तर वार्षिक सभेत त्याचाच आवाज मोठा. सभेला एकूण मतांच्या एक चतुर्थांश गणसंख्या लागते, ती झाली नाही तर १५ दिवसांत दुसरी सभा होते आणि तिला गणसंख्येची अट नसते. बहुतेक परदेशी मालक आपापल्या देशात असतात, म्हणून मोठे निर्णय या दुसऱ्या सभेत मूठभर लोक घेऊन टाकतात. एका माणसाला एका सभेत तीनपेक्षा जास्त युनिटांची मुखत्यारी घेता येत नाही, तेव्हा तुमची सही कुणाला देताय ते विचारपूर्वक ठरवा.

मी पाहिलेल्या एका इमारतीत वरचा पोहण्याचा तलाव गळत होता. सिंकिंग फंड पहिल्याच काही वर्षांत रंगरंगोटीत संपलेला, कितीतरी मालकांनी मेंटेनन्स थकवलेला, आणि हिशेब मागितला की मॅनेजर टाळाटाळ करायचा. खालच्या मजल्यावरच्या वयस्क जोडप्याच्या छताचे पोपडे पडत राहिले आणि 'हे तुमच्या युनिटच्या आतलं काम' एवढंच उत्तर त्यांना मिळत गेलं. त्यांचा कागदोपत्री हक्क पूर्ण होता. पण नोटिसा थाईत, सभेचं इतिवृत्त थाईत, आणि त्यांच्या बाजूने उभं राहायला कुणी नाही. मला त्याचा फार त्रास झाला, आणि कमिटीत जायचं मी त्यामुळेच ठरवलं.

म्हणून घर आवडलं की समुद्र दिसतो का हे पाहण्याआधी ज्युरिस्टिकच्या ऑफिसात बसा. गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि ताळेबंद मागा, थाई वाचणाऱ्या माणसाला पैसे देऊन वाचून घ्या. थकबाकी किती, सिंकिंग फंडात किती उरलंय, लिफ्ट कधीची, इमारतीचा विमा कशाकशाचा, हे विचारा. २८ मार्च २०२५ च्या म्यानमारच्या भूकंपाने बँकॉकच्या उंच इमारती हादरल्या, भिंतींना तडे गेले, तेव्हा सामायिक भागाचा विमा वेगळा आणि घराच्या आतलं आपलं आपण, हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं. घरासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या. जोमतिएनच्या खाऱ्या वाऱ्याने एसीची बाहेरची युनिटं आणि गॅलरीचे कठडे लवकर गंजतात, तेही हात लावून पाहा. व्यवहाराच्या वेळी विक्रेत्याकडून ज्युरिस्टिकचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि फॉरेन कोटा शिल्लक असल्याचं पत्र, दोन्ही लागतात. मेंटेनन्स स्वतः कधी थकवू नका. सहा महिन्यांच्या वर थकला तर दंड वर्षाला २० टक्क्यांपर्यंत जातो आणि सभेतला मताचा हक्कही जातो.

नाशिकला असताना घर दिवसावर भाड्याने देऊ असं मनात असेल तर ते काढून टाका. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं हॉटेल परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि शेजारी तक्रार करतात.

आता जे बोलायला अवघड ते. तुमच्या माघारी घराचं काय? परदेशी वारसाला हक्क मिळतो, पण तो कायद्यातल्या पात्रतेत बसत नसेल तर ६० दिवसांत कळवून एका वर्षाच्या आत युनिट विकावं लागतं. मुलगी नाशिकला नोकरी करणारी, थाई येत नाही, आणि मागे मृत्युपत्र नाही, ही अवस्था मी एका मराठी घरात जवळून पाहिली आहे. दुःखात असलेल्या त्या मुलीला इथल्या कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागल्या. घर नावावर झालं त्याच आठवड्यात इथल्या मालमत्तेपुरतं थाई मृत्युपत्र करा, आणि एफईटी, चानोत, बँकेचं पासबुक कुठे ठेवलंय ते मुलीला दाखवून ठेवा.

या सगळ्यावरून माझा सल्ला एकच. पहिलं वर्ष घर विकत घेऊ नका. ज्या इमारतीत घ्यायचं मनात आहे तिथेच भाड्याने राहा. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस तिथे काढा, कोणत्या मजल्यावर पाणी झिरपतं ते बघा, एक वार्षिक सभा कशी होते ते शेजाऱ्यांकडून ऐका, इमिग्रेशनची एक पूर्ण फेरी अनुभवा. वहिनींना तिथलं रोजचं जगणं मानवतं का, तेही कळेल. नाशिकचा फ्लॅट तोवर भाड्याने द्या, विकू नका.

पट्टायात भारतीय किराणा मिळतो, दवाखाने चांगले आहेत, माणसं मायाळू आहेत. तुम्ही यावंत असंच मला वाटतं. येण्याआधी इमारतीचं नाव कळवा, ज्युरिस्टिकच्या ऑफिसात मी तुमच्याबरोबर येईन. विवाह प्रमाणपत्राचं काम मात्र याच आठवड्यात महापालिकेत सुरू करा.