हौशी पाणबुड्यांनी उत्खनन केलं तर जुन्या जहाजाची नासधूस होत नाही का?

स्वीडनच्या 'गोथेबोर्ग' जहाजाचं उत्खनन बहुतांशी हौशी पाणबुड्यांनी केलं, त्यात वस्तू खराब झाल्या नसतील का आणि शेवटी फुटक्या बश्याच मिळणार असतील तर एवढी यातायात कशाला, असं तुम्ही विचारलंय.

फुटायचं ते बरंचसं आधीच फुटलं होतं. चीनमधल्या कँटन बंदराहून माल भरून आलेलं हे जहाज १२ सप्टेंबर १७४५ रोजी गोथेनबर्ग बंदराच्या अगदी तोंडाशी, तेही बंदरात वाट दाखवणारा वाटाड्या जहाजावर हजर असताना, खडकावर चढलं. माणसं सगळी वाचली. आत चहा, रेशीम आणि चिनीमातीची सुमारे ५ लाख भांडी होती. जहाजाची मालक असलेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीने बराच माल लगेच वर काढून लिलावात विकला, १९०६-०७ मध्ये पुन्हा कुणीतरी हात मारून घेतला. १९८६ ते १९९२ या काळात हौशी मंडळी उतरली तेव्हा समोर होता गाळ आणि त्यात रुतलेल्या ठिकऱ्या.

गाळ उपसायला एक मोठा पाइप वापरतात. त्याच्या खालच्या टोकाशी दाबाची हवा सोडली की बुडबुडे वर चढतात आणि पाण्याबरोबर गाळही ओढून नेतात. पाणबुड्याने एका हाताने गाळ हलकेच सारायचा आणि काही लागलं की थांबायचं. जागेवर नोंद झाल्याशिवाय ते हलवायचं नाही. पगारी माणसाला दिवसाचा हिशोब द्यावा लागतो. हौशी माणसाला घाई नसते, आणि या कामात घाईच सगळ्यात महागात पडते.

ठिकऱ्यांचं म्हणाल तर मी गोथेनबर्गला नोकरीला असताना तिथल्या शहर संग्रहालयात त्या नीट पाहिल्या आहेत. संग्रहालय त्या व्यापारी कंपनीच्याच जुन्या इमारतीत आहे. निळी नक्षी काल भाजल्यासारखी ताजी दिसते, कारण निळा रंग झिलईच्या खाली असतो. लाल-सोनेरी रंग झिलईवरून दिलेले असतात, ते समुद्राने खाल्ले. तुकडा तिरका धरला तर फुलाची पुसट कड तेवढी जाणवते. भांडी तळाशी आणि चहा वर, ही मालाची रचनासुद्धा अशा तुकड्यांच्या जागांवरूनच पडताळता येते. भांड्यांना पाणी लागलं तरी काही बिघडत नाही, चहाचं तसं नाही.

नासधूस म्हणजे काय ते पाहायचं असेल तर 'गेल्डरमाल्सेन' पाहा. १७५२ मध्ये बुडालेलं हे डच जहाज, बुडालेल्या जहाजांतला माल काढून विकणाऱ्या मायकल हॅचर यांनी १९८५ मध्ये शोधलं आणि दीड लाखाच्या आसपास भांडी काढून पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलावात विकली. भांडी अख्खी होती, पैसाही चिक्कार मिळाला. पण जहाजाच्या सांगाड्याची आणि मालाच्या मांडणीची धड नोंद झाली नाही, म्हणून पुरातत्त्वज्ञ आजही चिडतात.

तुम्हाला स्वतःला अशा मोहिमेत जायचं असेल, तर डायव्हिंग येत नाही म्हणून अडत नाही. वर काढलेल्या प्रत्येक तुकड्यातलं मीठ निघेपर्यंत तो गोड्या पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, त्यावर क्रमांक घालायचा, ही कामं किनाऱ्यावर ढिगाने असतात. फक्त सापडलेलं काही घरी नेता येत नाही, एक कपसुद्धा.