हॉर्नच्या दुरुस्तीसाठी स्टीअरिंगमधली एअरबॅग घरी काढून परत बसवता येते का?

हॉर्न बंद आहे आणि गॅरेजवाला फक्त एअरबॅग उतरवायचे वेगळे पैसे मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. घरी काढता येते. त्याआधी फ्यूज, रिले आणि खुद्द हॉर्न तपासा. स्टीअरिंगवरची म्युझिकची बटणंही बंद पडली असतील आणि एअरबॅगचा दिवा लागून राहिला असेल, तर बहुतेक क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंग फिरलं तरी हॉर्न, बटणं आणि एअरबॅगच्या तारा जोडलेल्या ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) गेलंय.

'घरी हात लावू नका' सांगणारे पुष्कळ भेटतील. आमचे दाजी त्यातलेच. ताईसाठी २०२० ची सेकंडहँड गाडी त्यांनी ओळखीच्या गॅरेजमधून घेतली, 'सगळं चेक केलंय' या शब्दावर. हॉर्न मध्येच दगा द्यायला लागला, म्हणून मी कोथरूडला त्यांच्या पार्किंगमध्येच कामाला लागलो. बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि दहा मिनिटं थांबलो. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून एअरबॅगला उघडायचा हुकूम देणाऱ्या मॉड्यूलमधला कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो. मग स्टीअरिंगच्या मागच्या भोकांतून स्क्रूड्रायव्हर घालून क्लिपा दाबल्या. हातात आलं ते पुठ्ठ्यासारखं हलकं. रिकाम्या फ्रेमवर नवं कव्हर चिकटवलेलं, आत बॅगच नाही! पिवळ्या कनेक्टरमध्ये सुमारे दोन ओहमचा एक रेझिस्टर खुपसून वर काळी टेप गुंडाळलेली. मॉड्यूलला वाटायचं बॅग जागेवर आहे, त्यामुळे चावी फिरवली की दिवा लागून व्यवस्थित विझायचा. आधी कधीतरी अपघातात बॅग उघडली असणार आणि कुणीतरी नवीचा खर्च वाचवला.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. माझी बहीण त्या गाडीने रोज हिंजवडीला जायची, एक्सप्रेसवेने मुंबईला जायची. नवी बॅग आम्ही बहीणभावांनी पैसे घालून बसवून घेतली. दाजींनी त्या गॅरेजवाल्याला साधा जाब विचारला नाही. 'दिवा विझत होता ना, मग उघडायची गरज काय होती?' हे ते आजही म्हणतात. गरज होती, दाजी. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने हे कव्हर स्वतःसमोर उघडून घेतलंच पाहिजे.

आता तुमचं काम. काही गाड्यांत क्लिपांऐवजी मागून टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) बोल्ट असतात, आणि थांबायची वेळ मॅन्युअलमध्ये जास्त दिली असेल तर तेवढं थांबा. काढलेली बॅग कव्हर वर करूनच ठेवा, पालथी कधीच नको. तिला मल्टिमीटर लावू नका. अख्खं स्टीअरिंग काढणार असाल तर चाकं सरळ हवीत आणि क्लॉक स्प्रिंग फिरता कामा नये. बसवताना वायर दबत नाही ना ते बघा, कनेक्टरचं लॉक पूर्ण बसवा आणि बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा; त्या वेळी गाडीत कुणी बसलेलं नको. भंगारातली बॅग स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. हे वाचून हात थरथरत असतील तर सरळ अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, पण काम चालू असताना शेजारी उभे राहा.

एअरबॅगचा दिवा विझला नाही तर गाडी स्कॅनर लावून तपासून घ्या आणि गाडीचं मॉडेल व आलेला बिघाडाचा कोड मला कळवा.