शालेय विज्ञानाच्या अभ्यासक्रमात संगणकीय प्रारूपं कशी आणावीत?

तुम्ही विचारलंय की नववीच्या विज्ञानासाठी संगणकीय प्रारूपं, म्हणजे खऱ्या गोष्टीची ठरावीक नियमांवर संगणकात चालणारी नक्कल, वापरून स्वतः घटक तयार करायचे आहेत, शाळेत संगणक कक्ष आहे, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि कोणत्या पाठाला कोणतं सिम्युलेशन जोडावं.

मी असेच घटक लिहिणाऱ्या एका छोट्या गटात काम करतो. माझं पहिलं सांगणं हे की पाठागणिक सिम्युलेशन जोडायच्या भानगडीत पडू नका. वर्षात दोन प्रारूपं घ्या, फार तर तीन. पण त्यांचे नियम मुलांना वाचू द्या, बदलू द्या, त्यावरून भांडू द्या. प्रोजेक्टरवर नुसतं दाखवलं तर मुलं 'भारी आहे' म्हणतात आणि वहीत पुस्तकातलीच व्याख्या उतरवून काढतात. 'डिजिटल वर्ग' म्हणून शाळांच्या गळ्यात मारलेल्या बऱ्याचशा साहित्याची गत हीच आहे.

विषय निवडताना एकच कसोटी लावा: ही गोष्ट हातानं करून बघता येते का? येत असेल तर संगणक बंद ठेवा. ओहमचा नियम, लंबक, आम्ल-आम्लारी यांना पडद्याची गरज नाही. सिम्युलेशनमधल्या परिपथात वायर कधी सैल होत नाही, आणि मुलगा खरं शिकतो ते सैल वायर शोधतानाच. प्रारूप हवं तिथे, जिथे घडणारी गोष्ट फार सावकाश, फार बारीक किंवा फार मोठ्या संख्येनं घडते. परिसंस्था, साथीचा प्रसार, वायूचे कण, नैसर्गिक निवड. यात प्रत्येक प्राणी, माणूस किंवा कण अगदी साध्या नियमानं वागतो आणि त्यातून असं काहीतरी उभं राहतं, जे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं.

परिसंस्थेचं उदाहरण घेतो. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेलं नेटलोगो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या संग्रहात लांडगे आणि मेंढ्यांचं एक प्रारूप तयारच मिळतं. सुरुवातीला १०० मेंढ्या, ५० लांडगे. सगळे इकडेतिकडे वाट फुटेल तसे फिरतात. लांडग्याची प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा खर्च होते, मेंढी सापडली की २० एकक मिळते, ऊर्जा संपली की तो मेला. पिल्लं होण्याची शक्यता दर पावलाला मेंढीची ४ टक्के, लांडग्याची ५ टक्के. पिल्लू झालं की ऊर्जा दोघांत अर्धी-अर्धी.

एवढे नियम फळ्यावर मराठीत लिहा आणि बटण दाबण्याआधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा. पेनानं, म्हणजे मागाहून खोडरबर फिरत नाही. प्रारूपात गवताचाही एक नियम आहे, तो आधी बंद ठेवून चालवा. बहुतेक वेळा मेंढ्या वाढतात, मागोमाग लांडगे वाढतात, मेंढ्यांचा फडशा पडतो आणि लांडगे उपाशी मरतात. एखाद्या वेळी लांडगे आधी संपतात आणि मेंढ्या सुसाट वाढत जातात. शेवटी 'आता पृथ्वी मेंढ्यांची झाली' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर टाकून प्रारूप थांबतं. वर्ग हसतो. त्यानंतर गवत चालू करा. आता मेंढीलाही गवत शोधावं लागतं, आणि खाल्लेलं गवत परत उगवायला ३० पावलं लागतात. आलेखात गवत, मेंढ्या, लांडगे यांच्या लाटा एकामागोमाग येऊ लागतात. 'समतोल' हा शब्द नियमांत कुठेच नव्हता, हे इथे कुणीतरी बोलून दाखवतंच. नाही दाखवलं तर तुम्ही विचारा.

लगेच 'पुन्हा चालवा' म्हणा. आलेख वेगळा येतो आणि निम्मी मुलं म्हणतात, संगणक बिघडला. घाईत ही पायरी गाळली जाते, पण अख्ख्या घटकात माझ्या लेखी सगळ्यात मोलाची हीच. यदृच्छेवर चालणाऱ्या गोष्टीचा एकच निकाल पुरावा ठरत नाही. प्रत्येक गट तेच आकडे ठेवून दहादा चालवतो, लांडगे किती वेळा टिकले ते फळ्यावर मांडतो. पुढच्या तासाला लांडगे ५० ऐवजी १५० ठेवून पाहा. मुलांचा अंदाज असतो की शेवटीही लांडगे जास्त उरतील.

एका शाळेत एक धनगराची मुलगी उठून म्हणाली, "सर, मेंढरं अशी एकएकटी हिंडत न्हाईत. आन् कुत्री कुठंयत?" सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर लांडगा आणि मेंढपाळ यांचा सामना खराखुरा चालतो, त्यामुळे तिचा आक्षेप ऐकीव नव्हता. तो आम्ही पुढच्या तासाचं काम म्हणूनच घेतला. 'जवळ दुसरी मेंढी असेल तर तिच्याकडे तोंड वळव' असा एका ओळीचा नियम घालायचा. पण 'जवळ' म्हणजे किती? कुणी ३ घेतले, कुणी १०, निकाल जुळेनात, आणि वर्गात जे भांडण झालं ते मी कुठल्याच शिक्षक हस्तपुस्तिकेत लिहून देऊ शकलो नसतो. म्हणून आता प्रत्येक घटकात एक तास 'या प्रारूपात काय राहिलं?' या प्रश्नासाठी मोकळा ठेवतो. आठवीतल्या 'अणूचे अंतरंग' या पाठात मुलांनी थॉमसन, रदरफोर्ड, बोर ही प्रारूपं एकामागून एक बदलताना पाहिलेली असतात. त्याची आठवण करून द्या, म्हणजे प्रारूपाला नावं ठेवणं हा आगाऊपणा वाटत नाही.

मग खऱ्या आकडेवारीकडे या. हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या व्यापाराच्या नोंदींतून कॅनडातल्या ससे आणि त्यांना खाणारं लिंक्स हे रानमांजर यांचं साधारण दहा वर्षांचं चक्र दिसतं, तो आलेख सहज मिळतो. तो आणि मुलांचा आलेख शेजारी ठेवा. लाटा जुळतात, पण जुळणारी लाट म्हणजे कारणही जुळलं असं नाही, हेही तिथेच सांगून टाका.

साथरोगाचा घटक करणार असाल तर संगणकाआधी खेळ घ्या. चिठ्ठ्या वाटायच्या, एकाच चिठ्ठीवर खूण, तो बाधित. प्रत्येक फेरीत प्रत्येकानं एकाला भेटायचं, बाधिताला भेटला तो बाधित. सुरुवातीला संख्या दुप्पट होते. पुढे वाढ मंदावते, कारण भेटणारा आधीच बाधित निघतो. हे अंगानं अनुभवलं की पडद्यावरचे ठिपके म्हणजे आपणच, हे समजावून सांगावं लागत नाही. वायूच्या कणांबाबत मात्र एक सावधगिरी: कण लाल-निळे दाखवले तर वार्षिक परीक्षेत 'ऑक्सिजनचा रेणू लाल असतो' असं उत्तर येतं. रंग आपण दिलेत, हे पहिल्याच मिनिटाला सांगा.

मुलांनी नियम स्वतः बदलून शिकायची ही कल्पना जुनीच आहे. सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांची मुलांसाठीची संगणकभाषा लोगो १९६७ ची. अमेरिकेच्या २०१३ च्या विज्ञान मानकांनी 'प्रारूपं तयार करणं व वापरणं' हे आठ मूलभूत कृतींपैकी एक मानलं, ते त्यामुळे आकाशातून पडलेलं नाही. तिथल्या घटकांत 'वापरा, बदला, घडवा' असा क्रम रूढ आहे. आपल्या ३५-४० मिनिटांच्या तासिकांत 'घडवा'पर्यंत सगळी मुलं पोचत नाहीत. 'बदला' नीट झालं तरी मी समाधानी असतो. एका घटकाला सहा तासिका धरा, त्यातल्या तीनच संगणकापाशी. एका संगणकावर तीन मुलं चालतात, पण माऊस दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात गेला पाहिजे, नाहीतर एकच पोरगा सगळं करतो आणि मुली बघत बसतात.

मुख्याध्यापक गुणांचं विचारणारच. त्यांच्यासाठी प्रश्न असा तयार ठेवा: 'या प्रारूपात मेंढ्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत. तो नियम घातला तर आलेख कसा बदलेल? कारण लिहा.' गुण कारणाला द्या, आलेखाच्या आकाराला नाही.

सॉफ्टवेअरचं शेवटी, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नियम बदलायचे तिथे नेटलोगो. नुसती राशी कमी-जास्त करून पाहायची तिथे कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET), म्हणजे तयार सिम्युलेशनांचा संग्रह. ते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं, त्यातली बरीच सिम्युलेशनं मराठीतही मिळतात आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. नेटलोगोच्या आज्ञा इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमात आम्ही लागणाऱ्या पंधरा-वीस आज्ञांचा मराठी अर्थासह तक्ता भिंतीला लावतो आणि बदलायची ओळ तेवढी दाखवतो, पूर्ण आज्ञावली नाही. पेन ड्राइव्हवर सगळं घेऊन आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर एकदा चालवून बघा, आणि वीज गेली तर त्या तासाला चिठ्ठ्यांचा खेळ काढा.