जर्मनीत पोस्टडॉक, सोबत आठ वर्षांची मुलगी: यावं का?

ताई, ट्यूमरमधल्या एन्झाइमवर काम करणाऱ्या बायर्नमधल्या (म्हणजे बव्हेरिया, म्युनिकचं राज्य) लॅबची ऑफर आहे, नवरा आणि मुलगी सोबत, यावं का असं विचारलंयत. व्हिसा, इन्शुरन्स सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

विषय म्हणाल तर म्युनिकचा जुना दबदबा आहे. यूपीए (आपलं जुनं सरकार नव्हे) हे एन्झाइम गाठीभोवतीचं जाळं तोडायला मदत करतं, मग पेशी बाहेर पसरतात. पीएआय-1 हे प्रोटीन त्याला अडवतं, म्हणजे ते जास्त असलेलं बरं ना? उलट आहे, तेही जास्त असलं की कॅन्सर परतायचा धोका वाढतो. 1993 मधे केमो-एन-झिरो ट्रायल सुरू झाली, काखेपर्यंत न पोचलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांवर. मिलीग्रॅम प्रोटीनमागे यूपीए 3 आणि पीएआय-1 14 नॅनोग्रॅम ही कमी-जास्त ठरवणारी रेघ. दोन्ही कमी असलेल्यांना केमो दिलीच नाही, तीन वर्षांत 6.7 टक्के जणींचा कॅन्सर परतला. जास्तवाल्यांपैकी ज्यांना केमो नव्हती त्यांच्यात 14.7. पण टेस्टला ताजी किंवा गोठवलेली टिश्यू लागते, म्हणून पॅराफिन ब्लॉकवर (फॉर्मालिनमधे ठेवून मेणात बसवलेल्या टिश्यूवर) चालणाऱ्या जीन टेस्ट पुढे गेल्या, 2019 मधे इथल्या सरकारी इन्शुरन्समधून त्यातल्याच ऑन्कोटाइप या टेस्टचा खर्च मिळायचंही ठरलं. तेव्हा फंडिंग किती वर्षांचं आहे ते आधी विचारा.

माझ्या मावशीला सांगलीत हेच निघालं, काखेत काही नाही, डॉक्टर म्हणाले केमो घ्या. तिचा फोन, "तू हेच करतेस ना गं, मग सांग मला लागेल का?" गाठ तोवर फॉर्मालिनमधे गेलेली, म्हणजे आमची टेस्ट होणार नव्हती. तेव्हाच माझं इथे राहायचं परमिट संपलेलं, रिन्यूअलची अपॉइंटमेंट मिळेना, मेलला उत्तर नाही, आणि मधल्या काळासाठी जो कागद देतात तो हातात नसताना बाहेर गेले तर परत घेतील का याची कुणी खात्री देईना, म्हणून गेलेच नाही. तिने केमो घेतली, आता बरी आहे. लागलीच होती का, ते तिच्यापुरतं आता कधीच कळणार नाही, आणि मी रोज तेच आकडे मोजते.

आता शाळा, हे अजून सलतं. बायर्नमधे चौथीतच मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधल्या पातळीची शाळा (इथे 1 म्हणजे सगळ्यात भारी). माझ्या मुलाला 2.66. दहा वर्षांचं पोर, तिसरीत इथे आलेलं, गणितात पक्कं, जर्मनमधे अडखळणारं. अपील करायचं तर कशाच्या जोरावर? नंतर कळलं की पहिलीपासून इथे न शिकलेल्या मुलांना, भाषेमुळे मार्क गेले असतील आणि ते भरून निघण्यासारखं असेल तर, 3.33 पर्यंत सूट मिळू शकते. वर्गशिक्षिकेने हे तोंडातून काढलं नाही! लॅबमधे मी रेघेच्या अलीकडे-पलीकडे बायका टाकते, तिथे निदान ट्रायल तरी झालीय. तो मजेत आहे म्हणा, रेआलशूलेनंतरही पुढचे रस्ते आहेत, मलाच पचत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. गणपतीला मंडळ भेटतं, बाकी कामात वेळ जातो.

मुलीला दुसरी-तिसरीत बसवतील. पहिल्याच पालकसभेत 3.33 चं विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि जर्मनची शिकवणी पुण्यातच सुरू करा, नवऱ्याचीसुद्धा.